परिचयाच्या चार ओळी

संपादकांचा निरोप आला. दोन कविता घेतल्या आहेत, सोबत परिचय पाठवा, चार ओळींचा. नाव, गाव, शिक्षण, प्रकाशित साहित्य.

कविता लिहायला मला दोन रात्री लागल्या होत्या. ह्या चार ओळींना तीन आठवडे झाले आणि कागद तसाच. नाव लिहिलं. गाव लिहिलं, वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. शिक्षणापाशी येऊन पेन अडला. दहावीला गणितात गेलो आणि पुढच्याच हंगामात कापसाच्या जिनात लागलो. तेव्हापासून रेचे, सरकी, रुई. रुईची एक गाठ १७० किलोची. अशा किती गाठी ह्या हातांखालून गेल्या ते मोजलं तर तेच माझं शिक्षण आणि तेच माझं प्रकाशित साहित्य. पण तसं लिहावं तर लोक म्हणतील, पोरगं भाव खातंय.

मग वाटलं, आपल्या आधीच्या लोकांनी ही ओळ कशी भरली असेल? कुणापुढं भरली? आणि भरल्यावर पुढच्यानं काय केलं, बसायला जागा दिली की दार लावून घेतलं? त्याच्या मागं लागलो आणि हे एवढं झालं. संपादकसाहेब, तुम्ही परिचय मागितला होता, मी लेख पाठवतोय. कापायचा तिथं कापा.

आपल्या मुलखात नाव विचारणं ही काय भानगड आहे, ते ह्या अंकाच्या वाचकाला मी सांगायला नको. "तुह्यं नाव काय?" सांगितलं. "पूरं नाव?" सांगितलं. आडनावावरून अंदाज लागला नाही तर, "राह्यता कोण्या बाजूले?" तीन सवालांत माणूस गावाच्या नकाशावर बरोब्बर जागच्या जागी. चौथा सवाल कुणी विचारत नाही, गरजच उरत नाही. 

एका मोठ्या गावी कविसंमेलन होतं. कामावरची सुटी टाकून गेलो. यादी घेऊन एक गृहस्थ बसले होते. त्यांनी हेच तीन सवाल केले. गोड बोलून केले. चहा पण दिला. माझं नाव शेवटी लिहिलं आणि शेवटचं नाव पुकारलं तेव्हा मांडववाला सतरंज्या गुंडाळत होता. मी कविता वाचली. ऐकणारे तिघं, त्यातला एक माईकवाला. त्यानं टाळी वाजवली, हे खोटं कशाला बोलू.

आता इतिहास.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, देऊळगाव राजा तालुक्यात, मेहुणा राजा म्हणून गाव आहे. चोखामेळ्याचा जन्म तिथला असं मानतात. वरवट बकाल उत्तरेला, सातपुड्याच्या अलीकडं. मधे सगळा जिल्हा पडलाय, पण जिल्हा एकच. म्हणजे ज्याचं नाव मराठी कवितेत राहिलं असा आपला पहिला माणूस आपल्याच मातीतला धरायला हरकत नाही. चोखा विठोबाच्या पायाशी रडला, मागच्या जन्माच्या पापाचा हिशोब मांडत बसला, म्हणून आमच्यातले पुष्कळ जण त्याला जवळ करत नाहीत. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' छापलं तेव्हा ते पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं, हेही विसरू नये.

मला चोख्याच्या अभंगांपेक्षा त्याच्या घराचं जास्त नवल वाटतं. चोखा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा. पाचही जण अभंग रचणारे! चौदाव्या शतकात, वेशीबाहेर, मेलेली ढोरं ओढणाऱ्यांच्या घरात पाच कवी. एकानं रचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. ह्याला लेखक मंडळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? आणि ह्या घराला बाहेरून हात देणारा नामदेव शिंपी. चोख्याचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून घेतले असं परंपरा सांगते. परंपरेचं खरं मानायचं तर आपला पहिला कवी आपल्या हातानं आपलं नाव लिहू शकला नाही. नाव त्याचं, बोरू दुसऱ्याचा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून तो मेला. वेठीचं काम. नामदेव तिथं गेला, ढिगाऱ्यातून त्याची हाडं वेचून आणली आणि पंढरीला महाद्वारापुढं पुरली, अशी कथा आहे. हाडं ओळखली कशी, तर त्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं म्हणून. तो चमत्कार बाजूला ठेवा. मला त्यातलं एवढंच पटतं, की ढिगाऱ्याखाली बरेच मजूर मेले असतील आणि एकाच्याच नावानं शोधायला कुणी तरी आलं. कारण तो कुणाच्या तरी ओळखीचा होता.

अभंगाच्या शेवटी नाव घालायची रीत. चोखा स्वतःचं नाव घालतो. सोयराबाई काय घालते? चोख्याची महारी. नवऱ्याचं नाव आणि जात. तिचं स्वतःचं नाव फार थोड्या ठिकाणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मधली पाचशे वर्षं मी एका ओळीत ओलांडतो. त्या काळात आपली माणसं गाणी करत नसतील असं नाही, पण लिहून घेणारा कुणी भेटला नाही.

मग १८५५. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. तिनं निबंध लिहिला, मांगमहारांच्या दुःखाविषयी. तो 'ज्ञानोदय'मध्ये फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन अंकांत छापून आला. निबंधात ती धर्माच्या नावानं सरळ जाब विचारते. अक्षर शिकून तिला तीनच वर्षं झाली होती म्हणतात. छापणारं पत्र मिशनऱ्यांचं होतं. पुढं तिनं काय लिहिलं, कशी जगली, काही हाती लागत नाही. एकदा नाव सांगितलं आणि ते कायमचं राहिलं, बाकी पोर गेली कुठं कुणास ठाऊक. लिहिणाऱ्याला एकदा छापणं पुरत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणारं कुणी लागतं.

३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. असं असं पत्र निघतंय, एवढी जाहिरात पैसे देऊन छापा म्हटलं तर 'केसरी'नं नाही म्हटलं. दाम मोजून सुद्धा परिचय छापून मिळेना. मग ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. बॅरिस्टर माणूस, डोक्यावर महाडचा सत्याग्रह, कोर्टातल्या केसेस, आणि अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्यानं लिहून काढतोय. का? लिहिणारे हात नव्हते म्हणून. लोक वाचत होते, ऐकत होते, सभेला लोटत होते, पण लिहून देणारे नव्हते. पैशाची पण बोंब. १९२९ साली पत्र बंद पडलं. आज कुणी दलित साहित्य म्हटलं की नाक मुरडतो, त्याला हे चोवीस रकाने दाखवावेत. एकटा माणूस लिहीत बसलाय आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे.

आपल्या वऱ्हाड-नागपुराकडं किसन फागोजी बनसोडे होते. त्यांनी पत्रं काढली, कविता लिहिल्या, मुलींची शाळा काढली, मजुरांत काम केलं. गिरणी आणि लेखणी एका माणसाच्या हातात हे तिथं दिसतं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, तिच्यात आपली हजारो माणसं राबली. गिरणीचं नाव निघालं म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. तिथं मजुरी जास्त. कारण काय? धोटा भरताना सुताचा शेंडा तोंडानं ओढून घ्यावा लागे, मग सवर्ण विणकराला विटाळ. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांसमोर मांडलं. लाल झेंडा होता, संप होता, कामगार एकजुटीच्या घोषणा होत्या आणि विणकाम खात्याच्या हजेरीपटावर आपलं नाव नव्हतं. साहित्याच्या हजेरीपटाचंही पुष्कळ वर्षं तसंच. सूत कातायला चालतो, कापड विणायला चालत नाही.

वामनदादा कर्डकांची गोष्ट आमच्याकडं जयंतीला हमखास सांगतात. देशवंडीचा हा माणूस, पोट भरायला मुंबईत. कुणी तरी एक पत्र पुढं केलं, जरा वाचून द्या. दादांना वाचता येत नव्हतं. लाज वाटली, रडू आलं. मग मोठेपणी बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं जमवली. १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ मध्ये गेले तोवर लिहीत राहिले. हजारो गाणी. आमच्या वरवटच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, कवी कोण, तर वामनदादाच सांगेल. विद्यापीठात त्यांना कवी म्हणायला बराच उशीर झाला. पण तेही अभंगवाल्यांसारखे शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचे आणि ते नाव भोंग्यावरून गावोगाव गेलं. छापखान्याची वाट त्यांनी पाहिली नाही. परिचयाचा हा पण एक रस्ता.

आता जिथं थांबायचं ते ठिकाण. औरंगाबाद, १९५०. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं काढलेलं मिलिंद कॉलेज. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातली पोरं तिथं आली. डोक्यावर वळकटी, पायात काही नाही. घरात अक्षर ओळखणारा हा पहिलाच. वसतिगृहात पंगतीला बसले तर पहिल्यांदा कुणी कुणाला तीन सवाल केले नाहीत, कारण उत्तर सगळ्यांचं एकच होतं. मला वाटतं दलित साहित्य तिथं त्या पंगतीत सुरू झालं. पुस्तकं नंतर आली. नाव सांगताना छातीत धडधड होत नाही अशी जागा मिळाल्याशिवाय माणूस लिहूच शकत नाही. लिहिलंच तर दुसऱ्यासारखं लिहितो, चंद्र, चांदणं, प्राजक्त. मीही लिहिलंय. आमच्या वस्तीत प्राजक्ताचं झाड नाही.

म. ना. वानखेडे तिथले. अमेरिकेत शिकून आले, तिथल्या काळ्या लेखकांचं लिखाण वाचून आले. आणि गंगाधर पानतावणे. नागपूरचा माणूस, औरंगाबादला प्राध्यापक झाला. १९६७ च्या सुमारास 'अस्मिता' नावाचं त्रैमासिक निघालं, त्याचंच पुढं 'अस्मितादर्श' झालं. पानतावणे सर २७ मार्च २०१८ ला गेले, तोवर ते त्याचे संपादक. पन्नास वर्षं! आपल्याकडं नियतकालिक तीन अंक निघालं तरी संपादकाच्या बायकोचे डाग मोडलेले असतात. ह्यांनी पन्नास वर्षं ओढलं. त्यांना २००९ साली अमेरिकेत सॅन होजेला भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. चांगलंच झालं. पण त्यांचं खरं काम पोस्टाच्या पेटीत होतं. खेड्यातलं कुणी पोरगं, तालुक्याच्या शाळेतला कुणी मास्तर, वहीचा कागद फाडून कविता धाडायचा. शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. दुसऱ्या मासिकाकडून 'साभार परत' असा छापील चिठोरा आला असता, तोही तिकीट लावलेलं पाकीट सोबत धाडलं असेल तर. इथून उत्तर यायचं. आणखी लिहा, आणखी पाठवा. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे भरायचे. नाव पाहा, लेखक-वाचक. लेखक वर आणि वाचक खाली अशी बैठक नव्हती. ज्याला कुणी कधी उभं केलं नाही त्यानं उभं राहून नाव सांगायचं, गाव सांगायचं आणि वाचायचं.

मुंबईकडं ह्याच्या आधीच एक गोष्ट घडली होती. २ मार्च १९५८, दादर, बंगाली हायस्कूल. महाराष्ट्र दलित साहित्य संघानं पहिलं दलित साहित्य संमेलन भरवलं. बाबासाहेबांना जाऊन सव्वा वर्षं झालेलं. उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा माणूस, शाळेत दीड दिवस गेलेला, मुंबईत गिरणीत राबलेला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणारा. पृथ्वी शेषाच्या फण्यावर नाही, दलितांच्या आणि कामगारांच्या हातावर तोललेली आहे, असं ते तिथं बोलले. दुसऱ्या वर्षी त्यांची 'फकिरा' आली, तीही बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण. त्या संमेलनात ठराव झाला, की दलितांनी लिहिलेलं आणि दलितांविषयी लिहिलेलं साहित्य 'दलित साहित्य' ह्या स्वतंत्र नावानं ओळखावं, विद्यापीठांनी आणि साहित्य संस्थांनी त्याची दखल घ्यावी. ठराव वाचला तर कोरडा वाटतो. पण ते नाव ठेवणं होतं. बाळाचं बारसं आधी झालं, बाळसं पुढं धरलं.

बाबुराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पात राहणारे. १९६३ मध्ये त्यांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. ती कथा वाचा, मग परिचय ह्या शब्दाचा घाम कळतो. रेल्वेत नोकरीला लागलेला माणूस परगावी खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही, आणि उघडकीला आल्यावर काय होतं. जात चोरतो म्हणजे काय, नाव चोरतो. माझ्या ओळखीत आज सुद्धा असे आहेत. जिनाच्या गावी खोली भाड्यानं घेताना आडनाव अर्धं सांगतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावायचा की पेटीत ठेवायचा, ह्यावर रात्र काढतात. मी त्यांना हसत नाही. एक हंगाम मीच ठेवला होता पेटीत.

नारायण सुर्व्यांना तर नावच एका गिरणी कामगारानं दिलं. रस्त्यावर टाकलेलं पोर गंगाराम सुर्वे नावाच्या माणसानं उचललं, आपलं आडनाव लावलं. ते पोर गिरणीत राबलं, शाळेत शिपाई झालं, मग मास्तर झालं आणि १९९५ ला परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष झालं. ते दलित कवींत मोडतात की नाही ह्यावर वाद घालणारे घालोत. मला ते शेजारच्या पाळीतले वाटतात.

१९७२ मध्ये दलित पँथर. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, असे सगळे जमायचे. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. ही पँथर काढणारी पोरं मुळात कवी आणि लेखक, हे लोक विसरतात. ढसाळ टॅक्सी चालवायचे. त्याच वर्षी त्यांचा 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. त्यात तेंडुलकर मोकळेपणानं कबूल करतात, की ह्यातले बरेच शब्द आपल्याला कळत नाहीत. मला ती प्रस्तावना आवडते आणि खुपते सुद्धा. आवडते, कारण मोठा लेखक खाली बसून विचारतोय, हे काय, ते काय. खुपते, कारण आमचा माणूस तुमच्या दारात आला की त्याच्याबरोबर ओळखीचा कुणी तरी लागतोच.

सहा वर्षांनी, १९७८ ला, दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यात काय केलंय? दया पवार नावाच्या शिकलेल्या, नोकरदार माणसाला दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. दोघंही एकच. आपली ओळख आपणच करून द्यायची, आपल्यालाच. बाहेरचा मध्यस्थ नाही. हे वाचलं तेव्हा मी रुईच्या ढिगाला टेकून बसलो होतो. रात्रपाळी होती, मुकादम ओरडत होता, मला ऐकूच आलं नाही.

त्या काळातल्या पुस्तकांची नावं ओळीनं वाचून पाहा. गोलपिठा. वामन निंबाळकरांची गावकुसाबाहेरील कविता, १९७३. कोंडवाडा, १९७४. बलुतं. लक्ष्मण मान्यांचा उपरा, १९८०. शरणकुमार लिंबाळ्यांचा अक्करमाशी, १९८४. लक्ष्मण गायकवाडांचा उचल्या, १९८७. ही काय पुस्तकांची नावं आहेत? हे त्या तीन सवालांचं उत्तर आहे. कुठं राहतो? गावकुसाबाहेर. काय खातो? बलुतं. कोण तू? उपरा, उचल्या, अक्करमाशी. जी शिवी गावानं तोंडावर मारली ती उचलून मुखपृष्ठावर छापली. आता विचारा पुढचं! आणि त्याच वर्षांत मराठवाड्यात एका विद्यापीठाच्या नावासाठी लोक मारले जात होते, घरं जळत होती. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव चढायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नावाची किंमत किती ते ह्याहून वेगळं काय सांगू.

ह्या सगळ्यात एक गोष्ट राहते आणि ती आपल्याच घरातली आहे. सोयराबाईची. फलटणला बेबीताई कांबळे छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दी यायची, तिच्यावरचं छापलेलं वाचायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या. आणि लिहिलेलं वीस वर्षं लपवून ठेवलं. कुणापासून? गावापासून नाही, पाटलापासून नाही. नवऱ्यापासून, घरातल्यांपासून. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन ह्या अमेरिकेहून आलेल्या बाईंनी विचारलं तेव्हा त्या वह्या बाहेर निघाल्या. 'जिणं आमुचं' पुस्तक १९८६ चं. इथं मला आमच्या सगळ्या मेळाव्यांची, सगळ्या पँथरांची, आणि माझी पण लाज वाटते. वसतिगृहात पंगत होती, पण पोरांची. सिद्धार्थ विहारात रात्रभर कविता चालायच्या, पण त्या वेळी बायका घरी भाकरी टाकत होत्या. आम्ही विचारलं नाही. परदेशातून आलेल्या बाईनं विचारलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी नंतर गावोगाव हिंडून चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं, १९८९ ला. तोवर किती जणी न सांगताच गेल्या असतील.

आता माझं. मला कुणी विचारलं ते सांगितल्याशिवाय परिचय पुरा होत नाही. आमच्या वस्तीत एक रिटायर मास्तर आहेत. नाव छापू नका म्हणाले. एकदा विहारात जयंतीची वर्गणी मोजत बसलो होतो. माझ्या खिशातून जिनाची पावती पडली. मागच्या बाजूला काहीबाही लिहिलेलं. मास्तरांनी उचलली, चष्मा वर केला.

"हे कोणं लेहलं?"

"म्या."

"तुले कोणं शिकवलं?"

"कोणीच नाही."

"मंग वाच. मले दिसत नाही नीट."

दिसत होतं त्यांना चांगलं. मी वाचलं. त्यांनी छान नाही म्हटलं, वाईट नाही म्हटलं. घरी नेलं आणि पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. 'अस्मितादर्श'चे जुने अंक. कोपरे उंदरांनी खाल्लेले, काहींच्या पानांत लिंबाचा पाला. म्हणाले, एक एक ने, वाचून आण, दुसरा ने. मजकुराच्या खाली लेखकाचं नाव आणि गाव असायचं. मी आधी गावं वाचायचो. माझ्या गावासारखीच गावं, नकाशात न सापडणारी. तिथं बसून कुणी तरी लिहीत होतं. वरच्या सगळ्या इतिहासापैकी अर्धा त्या पेटीतला आहे आणि बाकीचा पेटीमुळं शोधलेला.

गेल्या हंगामात मी दुपारच्या सुटीत जिनाच्या मागं बसलो होतो. सरकी वेचायच्या कामावर एक बाई आहे. ती बोटानं रुईच्या धुळीवर काही तरी गिरवत होती आणि पुसत होती. मी विचारलं, काय लेहतं बाई? ती दचकली. म्हणाली, काही नाही भाऊ, ओवी हाय, इसरून जातो म्हून. मी दुसऱ्या दिवशी वही नेऊन दिली. आठ दिवस ती वही तशीच परत आणायची, कोरी. नवव्या दिवशी तीन पानं भरलेली. अक्षर वाकडं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पण त्यातली एक ओवी वाचून मी माझ्या दोन्ही कविता फाडायला निघालो होतो. मास्तर म्हणाले, फाडू नको, तिची पण पाठव.

तिला विचारलं, पाठवू का? पाठव म्हणाली. नाव काय टाकू? त्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, माह्यं नको टाकू, घरी कळलं तं वही चुलीत जाईन. मालकाचं टाकून दे. मालक म्हणजे नवरा.

मी नवऱ्याचं नाव टाकणार नाही म्हटलं. ती रुसली. चार दिवस झाले, बोललेली नाही.

ओव्या सोबत जोडल्या आहेत, तिच्या अक्षरातच. ऱ्हस्वदीर्घ सुधारू नका. नावाच्या जागी काय छापायचं ते तिला पुन्हा विचारून कळवतो, तोवर अंक थांबत असेल तर थांबवा. माझ्या परिचयात वरच्या दोनच ओळी घ्या, नाव आणि गाव. उरलेल्या दोन ओळींची जागा तिला द्या.